सर्टिफिकेट नाही, देश नाही, अ‍ॅडमिशन मात्र हवी: युद्धानंतरच्या युरोपातले निर्वासित विद्यार्थी

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचणं सोयीचं पडतं त्यांच्यासाठी हा या एपिसोडचा लिखित मजकूर. बोलताना आलेले 'अं' आणि 'म्हणजे' बरेचसे कापलेत, सगळे नाही कापले.

तर सुरुवात एका साध्या प्रश्नाने करू. समजा तुम्ही बावीस वर्षांचे आहात. सतराव्या वर्षी तुमचं शिक्षण तुटलं. तुमची शाळा जळाली, शाळेचं दप्तर जळालं, मुख्याध्यापक मारले गेले. ज्या शहरात शाळा होती ते शहर आता दुसऱ्या देशात आहे. तुमची दहावी-बारावी झाली होती याचा या जगात एकही कागद शिल्लक नाही. आणि तुम्हाला मेडिकलला जायचंय. अर्ज कुठे करणार? आणि समोरच्या टेबलावरच्या माणसाने "मार्कशीट?" असं विचारलं तर काय दाखवणार?

माझ्या लाइनमध्ये नोकरी बदलली की बॅकग्राउंड व्हेरिफिकेशन नावाचा प्रकार होतो. कंपनी तुमच्या कॉलेजला विचारते, हा मुलगा खरंच इथे शिकला का? ही सगळी व्यवस्था एका गृहीतावर चालते, की विचारायला पलीकडे कुणीतरी जागेवर आहे. 1945 च्या युरोपात पलीकडचं ते टोकच गायब होतं. आणि तरीही हजारो मुलामुलींनी, छावण्यांमध्ये राहून, रेशनवर जगून, विद्यापीठात नाव घातलं. एवढंच नाही, त्यांनी काही ठिकाणी स्वतःची विद्यापीठं काढली.

ही गोष्ट बरीच वर्षं इतिहासाच्या पुस्तकांत तळटीप म्हणूनच होती. ती वर आणण्याचं काम ज्या अभ्यासकांनी केलं त्यातल्या दोघांवर आजचा भाग मुख्यतः उभा आहे. एक म्हणजे अ‍ॅना होलियन. त्यांनी म्युनिकमधल्या निर्वासितांच्या विद्यापीठावर 2008 मध्ये शोधनिबंध लिहिला आणि 2011 मध्ये जर्मनीतल्या विस्थापितांवर एक आख्खं पुस्तक. दुसरे जेरेमी व्हॅरन. त्यांचं 'द न्यू लाइफ' हे 2014 चं पुस्तक जर्मन विद्यापीठांत शिकलेल्या ज्यू विद्यार्थ्यांबद्दल आहे. गंमत म्हणजे व्हॅरन यांचं त्याआधीचं गाजलेलं काम साठ-सत्तरच्या दशकातल्या अमेरिकन आणि जर्मन अतिरेकी तरुणांवर होतं. तिथून हा माणूस इकडे वळला, आणि वळला ते बरंच झालं. कारण त्याने ज्यांच्याशी बोलून हे पुस्तक लिहिलं ते लोक तोपर्यंत म्हातारे झाले होते. अजून दहा-पंधरा वर्षं थांबला असता तर विचारायला फार थोडे उरले असते.

आता थोडी पार्श्वभूमी, पटकन.

मे 1945. जर्मनी शरण आला. जर्मनीत आणि आसपास लाखो परदेशी माणसं अडकलेली होती: जबरदस्तीने आणलेले मजूर, युद्धकैदी, छळछावण्यांतून वाचलेले, आणि सोव्हिएत सैन्याच्या पुढे पळत आलेले. दोस्त राष्ट्रांनी यांना एक नाव दिलं, 'डिस्प्लेस्ड पर्सन', थोडक्यात डीपी. नाही, व्हॉट्सअ‍ॅपचा डीपी नव्हे. हा डीपी म्हणजे 'आपल्या जागेवरून हललेला माणूस'. यांची देखभाल करायला उन्रा नावाची संस्था होती. 1943 च्या नोव्हेंबरमध्ये वॉशिंग्टनला 44 देशांनी सह्या करून ती काढली होती, आणि त्या सह्यांमध्ये भारताचीही होती. पारतंत्र्यातल्या भारताची, पण होती.

उन्राचं मुख्य काम होतं लोकांना घरी पाठवणं. आणि खरंच, काही महिन्यांत लाखो लोक घरी गेले. पण साधारण दहा लाख माणसं उरली, ज्यांनी सांगितलं, आम्ही जाणार नाही. का? पोलंडच्या ज्यूंना परत जायला काही उरलंच नव्हतं, आणि जे गेले त्यांच्यासाठी 4 जुलै 1946 ला किएल्त्से शहरात 42 ज्यूंची हत्या झाली. युद्ध संपल्यानंतर, लक्षात घ्या. लिथुआनिया, लाटव्हिया, एस्टोनिया हे तीन देश स्टालिनने 1940 मध्ये गिळले होते, तिथल्या लोकांना परत जाणं म्हणजे सायबेरियाचं तिकीट वाटत होतं. युक्रेनियनांचं तर सगळ्यांत अवघड. फेब्रुवारी 1945 च्या याल्टा करारानुसार सोव्हिएत नागरिकांना हवं असो नसो, परत पाठवायचं ठरलं होतं. पण जो युक्रेनियन 1939 पर्यंत पोलंडच्या हद्दीत राहत होता तो पाश्चात्त्य देशांच्या हिशेबाने सोव्हिएत नागरिक नव्हता. मग काय? कीव्ह आणि खार्किव्हकडचे अनेक लोक रातोरात 'ल्विव्हचे' झाले. जन्मगाव बदललं, शाळेचं नाव बदललं, काहींनी आडनावंही बदलली.

हे मी मुद्दाम सांगतोय. कारण आपण वर 'कागद नाही' म्हटलं, तो अर्धाच प्रॉब्लेम होता. दुसरा अर्धा असा, की जे कागद होते त्यातले काही खोटे होते, आणि ते खोटे असण्यावर माणसाचा जीव टिकून होता. अभ्यासकाच्या दृष्टीने हा डेटा म्हणजे डोकेदुखी. फॉर्मवर लिहिलेलं 'जन्मस्थान' ही माहिती आहे की बचावाची ढाल, ते ओळखायचं कसं? मला विचाराल तर या सगळ्या विषयात सगळ्यांत शिकण्यासारखी गोष्ट हीच आहे. सरकारी फॉर्म हा इतिहासाचा पुरावा आहेच, पण तो कुणी, कुणाला घाबरून भरला, हे माहीत नसेल तर तो तुम्हाला सरळ फसवतो.

चला, म्युनिकला.

म्युनिक शहरातून इझार नावाची नदी जाते. नदीतल्या एका बेटावर डॉयचेस म्युझियम आहे, विज्ञान आणि तंत्रज्ञानाचं जगप्रसिद्ध संग्रहालय. इंजिनं, विमानं, खाणींचे नमुने, सगळं. आमच्यासारख्या लोकांची पंढरीच म्हणा. 1945 मध्ये बॉम्बहल्ल्यांनी त्याचा मोठा भाग उद्ध्वस्त झालेला होता. त्या पडक्या इमारतीत निर्वासित प्राध्यापकांनी आणि विद्यार्थ्यांनी उन्राच्या मदतीने एक विद्यापीठ उभं केलं. नावच 'उन्रा विद्यापीठ'. 1946 च्या सुरुवातीला ते रीतसर उघडलं.

इथे एक मिनिट थांबा. याच संग्रहालयाच्या ग्रंथालय इमारतीत नोव्हेंबर 1937 मध्ये नाझींनी 'शाश्वत ज्यू' नावाचं प्रदर्शन भरवलं होतं. ज्यू माणूस किती घाणेरडा, किती धोकादायक, हे दाखवणारं प्रदर्शन. शाळेच्या सहली आणायचे तिथे. आणि नऊ वर्षांनी त्याच आवारात, छळछावणीतून वाचलेली ज्यू मुलं रसायनशास्त्राच्या वर्गात बसली होती. कुणी सिनेमात दाखवलं असतं तर आपण म्हटलं असतं, जरा जास्तच होतंय.

पण फक्त ज्यू नव्हते. युक्रेनियन, लिथुआनियन, लाटव्हियन, एस्टोनियन, पोलिश, रशियन, युगोस्लाव, सगळे एका छताखाली. अर्थात छत जिथे होतं तिथे. विद्यार्थी दीड-दोन हजारांच्या घरात. विषयही तसेच: वैद्यक, इंजिनिअरिंग, शेती, कायदा, अर्थशास्त्र, भाषा. आणि शिकवायची भाषा कोणती? या सगळ्यांना कमीअधिक समजेल अशी एकच भाषा होती. जर्मन. ज्यांनी छळलं त्यांची भाषा ही छळलेल्यांची एकमेव सामाईक भाषा. होलियन यांनी दाखवलंय की या विद्यापीठाने स्वतःकडे नुसतं 'राहिलेला कोर्स पूर्ण करण्याची सोय' म्हणून पाहिलं नाही. इथले लोक म्हणत होते की आपण वेगवेगळ्या राष्ट्रांची माणसं एकत्र राहून शिकतोय, हेच नाझींच्या वंशवादाला उत्तर आहे.

ऐकायला छान आहे. पण मी जरा शंका घेणार. एक तर हे बोलणं प्रायोजकांना, म्हणजे उन्राला, आवडेल असंच होतं. आंतरराष्ट्रीय संस्थेकडे पैसे मागताना माणूस आंतरराष्ट्रीयतेबद्दलच बोलणार ना? आणि दुसरं, त्या बाकांवर कोण कोण बसलं होतं बघा. 1943 मध्ये जर्मनांनी लाटव्हिया आणि एस्टोनियात वाफेन-एसएसच्या तुकड्या उभ्या केल्या. त्यात कुणी स्वेच्छेने गेले, बऱ्याच जणांना जबरदस्तीने ओढलं. त्यातले काही युद्धानंतर डीपी छावण्यांत होते. उन्राने छाननी केली, मुलाखती घेतल्या, काहींना बाहेर काढलं. तरी एका बाकावर ऑशविट्झमधून आलेला आणि दुसऱ्या बाकावर कधीकाळी जर्मन गणवेश घातलेला, अशी शक्यता होतीच. दोघंही कागदोपत्री 'निर्वासित विद्यार्थी'. तेव्हा 'सगळी राष्ट्रं गुण्यागोविंदाने' हे चित्र मी तरी चिमूटभर मीठ टाकूनच घेईन. पण मीठ टाकूनही उरतं ते कमी नाही. वर्ग भरत होते. परीक्षा होत होत्या. मारामाऱ्या झाल्या नाहीत म्हणून नाही, तर अ‍ॅनाटॉमी सगळ्यांनाच पास व्हायची होती म्हणून.

बरं, मार्कशीटचं काय केलं? उपाय अगदी देशी होता, आपल्याकडच्या तहसील ऑफिसला शोभेल असा. शपथपत्र. "मी अमुक, तमुक गावच्या शाळेतून अमुक साली उत्तीर्ण झालो." सोबत ओळखणारे साक्षीदार. त्या गावचा एखादा शिक्षक किंवा प्राध्यापक छावणीत सापडला तर सोन्याहून पिवळं. आणि मग प्रवेश परीक्षा किंवा तोंडी, म्हणजे मुलगा थापा मारतोय का ते पाच मिनिटांत कळेल. कागदाऐवजी माणसांचं जाळं. कोण कुणाला ओळखतो, यावर विश्वास ठेवायचा. आज आपण याला खूप मोठी नावं देऊ, पण शेवटी ते गावच्या पारावरचं व्हेरिफिकेशनच होतं.

अडचण एवढ्यावर संपत नव्हती. सहा वर्षांची गळती भरायची कशी? पोलंडमध्ये नाझींचं धोरणच होतं की या लोकांना शिकवायचं नाही. 6 नोव्हेंबर 1939 ला क्राकोव्ह विद्यापीठात प्राध्यापकांना व्याख्यानाच्या नावाखाली बोलावून 180 हून जास्त जणांना एका फटक्यात अटक केली. 1940 मध्ये हिमलरने लिहिलेल्या टिपणात पोलिश मुलांना पाचशेपर्यंतची आकडेमोड आणि स्वतःचं नाव लिहिता येणं पुरे, अशा अर्थाचं धोरण आहे. ज्यू मुलांना तर तेवढंही नाही. घेट्टोत लपूनछपून वर्ग चालायचे, पकडले गेले तर जीव जायचा. म्हणजे 1939 मध्ये बारा-तेरा वर्षांचा असलेला मुलगा 1945 ला अठरा-एकोणीसचा झाला, आणि त्याचं शेवटचं खरं शिक्षण सहावी-सातवीचं. त्याने थेट विद्यापीठाच्या प्रवेशाची तयारी करायची! व्हॅरन यांच्या पुस्तकात हा भाग मला सगळ्यांत भिडला. ही मुलं एकत्र बसून, एकमेकांना शिकवून, शिकवण्या लावून काही महिन्यांत अनेक वर्षांचा अभ्यास उरकत होती. आपल्याकडे जेईईच्या क्रॅश कोर्सची जाहिरात असते ना, तो क्रॅश कोर्स यांच्यापुढे फिका.

आता व्हॅरन यांच्या मूळ प्रश्नाकडे. इतर देशांच्या निर्वासितांसाठी जर्मनीत शिकणं ही गैरसोय होती. ज्यू मुलांसाठी तो नैतिक प्रश्न होता.

उन्रा विद्यापीठ फार टिकलं नाही. अमेरिकन लष्करी प्रशासनाला ते कधीच मनापासून नको होतं. त्यांचं लॉजिक सरळ होतं: या लोकांनी परत जायचंय, निदान इथून निघायचंय. विद्यापीठ काढलं की चार-पाच वर्षं इथेच मुक्काम. शिवाय उन्राचंच काम 1947 च्या मध्यात गुंडाळलं गेलं. विद्यापीठ 1947 मध्ये बंद झालं. पर्याय म्हणून अमेरिकन ताब्यातल्या भागातल्या जर्मन विद्यापीठांना आधीच आदेश होता की दहा टक्के जागा डीपी विद्यार्थ्यांसाठी ठेवा. म्हणजे कोटा. आणि कोटा म्हटलं की पुढचं सगळं तुम्हाला ठाऊक आहे. युद्धावरून परतलेले जर्मन तरुण रांगेत उभे, अर्धी विद्यापीठं ढिगाऱ्यात, जागा मोजक्या, आणि 'हे बाहेरचे' राखीव जागांवर बसतायत, वर त्यांना रेशनही जास्त, अशी कुजबुज. जागा कमी असल्या की कुजबुजीचे शब्द सगळीकडे सारखेच असतात बहुतेक.

म्युनिकचं मोठं विद्यापीठ म्हणजे लुडविग माक्सिमिलियन विद्यापीठ. तिथल्याच आवारात 18 फेब्रुवारी 1943 ला सोफी शोल आणि तिचा भाऊ हान्स यांना नाझीविरोधी पत्रकं वाटताना पकडलं, आणि चार दिवसांत दोघांना ठार मारलं. पकडून देणारा विद्यापीठाचाच शिपाई होता. हे विद्यापीठ 1946 मध्ये पुन्हा सुरू झालं तेव्हा अनेक प्राध्यापक नाझी असल्याबद्दल काढून टाकलेले होते, आणि पुढे त्यातले बरेच हळूच परतही आले.

कल्पना करा, तुम्ही ज्यू आहात, आईवडील, भावंडं मारली गेलीत, आणि समोर प्राध्यापक फळ्यावर पेशीची रचना काढतोय. 1942 मध्ये हा काय करत होता? शेजारी बसलेला, एक हात नसलेला सैनिक पूर्वेच्या आघाडीवर कुठे होता? विचारायचं की नाही? व्हॅरन दाखवतात की बहुतेकांनी विचारलं नाही. संबंध ठेवले ते कामापुरते. नमस्कार-चमत्कार, नोट्स, प्रॅक्टिकल, बास. म्युनिकमध्ये त्यांनी स्वतःची ज्यू विद्यार्थी संघटना काढली, आणि खरं जगणं तिथे होतं. सहली, नाच, प्रेमप्रकरणं, लग्नं, राजकीय भांडणं. ज्यू मदतसंस्थांकडून, मुख्यतः 'जॉइंट' या अमेरिकन संस्थेकडून, मदत यायची. काही विद्यार्थी जर्मन कुटुंबांच्या घरात खोली घेऊन राहत. विचार करा, एकाच स्वयंपाकघरात.

आणि टीका जर्मनांपेक्षा स्वतःच्या माणसांकडून जास्त. छावण्यांतल्या ज्यू पुढाऱ्यांचं म्हणणं होतं की ही शापित भूमी आहे, इथून बाहेर पडा, पॅलेस्टाईनला चला, तिथे हातांची गरज आहे. आणि तुम्ही म्युनिकमध्ये बसून दंतवैद्यकाच्या डिग्र्या काय घेताय? टीका अगदीच चुकीची नव्हती. 1948 मध्ये इस्रायल झाला, युद्ध पेटलं, आणि हे लोक सेमिस्टरचे पेपर देत होते. पण मला विद्यार्थ्यांची बाजूही समजते. सहा वर्षं तुम्हाला कुणीतरी सांगितलं की तू नंबर आहेस, तू मजूर आहेस, तू मेलास तरी चालेल. त्यानंतर पहिल्यांदा तुम्ही स्वतःसाठी काहीतरी निवडलंत, आणि लगेच दुसरा कुणी, कितीही थोर कारणासाठी का असेना, सांगतोय की ते नको, हे कर. मी असतो तर पेपर दिला असता.

पैशाचं बघा. 1948 पर्यंत जर्मनीतला जुना मार्क जवळपास कागदाचा तुकडा होता. खरं चलन अमेरिकन सिगारेट आणि कॉफी. डीपी विद्यार्थ्याला मदतीच्या पेटीतून सिगारेट मिळाली, की शिकवणी, पुस्तकं, खोलीचं भाडं, सगळं भागायचं. 20 जून 1948 ला नवा डॉइश मार्क आला आणि खेळच बदलला. जर्मन दुकानं एका रात्रीत भरली, पण निर्वासितांच्या हातात नव्या नोटा नव्हत्या. आपण नोटबंदी पाहिलीय, त्यामुळे 'एका रात्रीत' म्हणजे काय ते वेगळं सांगायला नको.

आता उत्तरेकडे, हॅम्बर्ग. ही माझी आवडती गोष्ट, त्यामुळे थोडं रमणार.

ब्रिटिश ताब्यातल्या हॅम्बर्गमध्ये तीन बाल्टिक देशांच्या प्राध्यापकांनी मिळून 14 मार्च 1946 ला एक विद्यापीठ सुरू केलं. बाल्टिक विद्यापीठ. आणि योगायोग बघा, तेही एका संग्रहालयातच, हॅम्बर्गच्या इतिहास संग्रहालयात. बॉम्बने सपाट झालेल्या शहरांत मोठ्या, थोड्याफार उभ्या इमारती म्हणजे संग्रहालयंच असावीत. ब्रिटिशांनी परवानगी दिली, पण 'विद्यापीठ' या शब्दाला आक्षेप. कारण विद्यापीठ म्हटलं की त्यामागे राष्ट्र येतं, आणि ही राष्ट्रं स्टालिनने खाल्लेली. रशियाशी वाद नको. म्हणून म्हणे 'स्टडी सेंटर' म्हणा. म्हणजे कोचिंग क्लास! प्राध्यापकांनी कागदावर साहेबांना हवं ते लिहिलं आणि आपापसांत विद्यापीठच म्हणत राहिले.

रचना भारी होती. तीन राष्ट्रं, प्रत्येकाचा स्वतंत्र रेक्टर. एस्टोनियाच्या बाजूचे रेक्टर होते अर्न्स्ट ओपिक. अ‍ॅस्ट्रोनॉमीवाले ऐका: हेच ते ओपिक, ज्यांनी 1922 मध्ये अँड्रोमेडा दीर्घिकेचं अंतर मोजून ती आपल्या आकाशगंगेच्या खूप बाहेर आहे हे दाखवलं, हबलच्या आधी. धूमकेतू सूर्यमालेच्या फार दूरच्या एका साठ्यातून येतात ही कल्पनाही त्यांनी 1932 मध्ये मांडली, जिला आज आपण ऊर्टचा मेघ म्हणतो. ऊर्ट यांनी ती 1950 मध्ये मांडली, नाव त्यांचं राहिलं. तर हा माणूस 1946 मध्ये निर्वासित होता आणि रेशनकार्डावर जगणाऱ्या मुलांना शिकवत होता.

विद्यार्थी हजाराच्या आसपास, शाखा आठ. 1946-47 चा हिवाळा युरोपातल्या त्या काळातल्या भयंकर हिवाळ्यांपैकी एक, कोळसा नाही, अन्न नाही. त्याच सुमारास, 1947 च्या सुरुवातीला, विद्यापीठ हॅम्बर्गजवळच्या पिनेबर्ग गावात हलवलं. जागा? जर्मन हवाई दलाच्या जुन्या बराकी. पुस्तकं मिळतील तिथून, नोट्स हाताने उतरवायच्या.

आणि मग या विद्यापीठाला एका विचित्र गोष्टीने मारलं. बॉम्बने नाही, थंडीने नाही. नोकरीने. 1947 पासून जगातल्या देशांनी निर्वासितांना घ्यायला सुरुवात केली, पण माणूस म्हणून नाही, मजूर म्हणून. ब्रिटनच्या योजनेत त्यांना कापडगिरण्या, खाणी आणि शेतांसाठी माणसं हवी होती. त्याआधी बाल्टिक मुलींना क्षयरोग्यांच्या दवाखान्यांत कामाला नेलं. ऑस्ट्रेलियाने अट घातली, दोन वर्षं सरकार सांगेल ते काम. अमेरिकेच्या 1948 च्या कायद्यात तर तीस टक्के जागा शेतीकाम करणाऱ्यांसाठी राखीव. अर्धवट शिकलेला डॉक्टर कुणालाच नको होता. पूर्ण शिकलेलाही नको होता, कारण त्याची डिग्री मान्य करायची पंचाईत. त्यामुळे उलटंच झालं. ज्या मुलांनी दोन वर्षांपूर्वी साक्षीदार गोळा करून सिद्ध केलं होतं की आम्ही शिकलेलो आहोत, तीच मुलं आता निवड अधिकाऱ्यासमोर शिक्षण लपवत होती. फॉर्ममध्ये 'शेतकरी'. लिहून टाकायचं, आणि हात मागे धरायचे.

म्हणजे आधी कागद नाही म्हणून अडचण, मग कागद आहे म्हणून. त्यांच्या जागी बसून हे जरा डोक्यात घोळवून बघा.

विद्यार्थी एकेक करून बोटीवर चढले, प्राध्यापकही. ओपिक 1948 मध्ये उत्तर आयर्लंडच्या आर्मा वेधशाळेत गेले. सप्टेंबर 1949 मध्ये बाल्टिक विद्यापीठ बंद झालं. साडेतीन वर्षांत तिथून पूर्ण पदवी घेऊन बाहेर पडलेले विद्यार्थी शंभरही नव्हते. हजारांनी सुरुवात केली आणि शंभरांनी शेवट केला नाही, म्हणून याला अपयश म्हणायचं का? मला वाटतं आकड्याने मोजलं तर हो. पण अनेकांनी इथे केलेली सेमिस्टर्स पुढे दुसऱ्या देशांत वापरायचा प्रयत्न केला, कुठे धरली गेली, कुठे नाही. आणि एक उरलंच. छावणीत दिवसभर सूपच्या रांगेत उभं राहण्यापेक्षा सकाळी आठला लेक्चर आहे म्हणून उठणं, याची किंमत कुठल्या तक्त्यात मांडणार?

याच पिढीतली काही नावं सांगतो, तुम्ही सर्च कराल म्हणून. वाल्दास अदाम्कुस: लिथुआनियातून 1944 मध्ये पळाले, म्युनिक विद्यापीठात शिकले, 1949 मध्ये अमेरिकेत गेले आणि शिकागोत आधी कारखान्यात कामगार. मग शिकून इंजिनिअर झाले, अमेरिकेच्या पर्यावरण खात्यात मोठ्या पदावर पोचले, आणि 1998 मध्ये, स्वतंत्र झालेल्या लिथुआनियाचे राष्ट्राध्यक्ष! योनास मेकास: माइन्झ विद्यापीठात तत्त्वज्ञान, पुढे न्यूयॉर्कमध्ये प्रायोगिक सिनेमाचा बाप माणूस. आणि मारिया गिम्बुटास. कडेवर लहान मुलगी आणि सोबत प्रबंध घेऊन लिथुआनियातून बाहेर पडलेली बाई, 1946 मध्ये ट्युबिंगेनला डॉक्टरेट. इंडो-युरोपीय भाषा बोलणारे लोक मूळ कुठले यावरची कुर्गान मांडणी तिची. 'आर्य कुठून आले' यावर आपल्याकडे जे रात्ररात्र वाद चालतात ना, त्यातली निम्मी हत्यारं या निर्वासित बाईच्या कारखान्यातली आहेत.

पण नावाजलेल्यांकडे बघून फसू नका. व्हॅरन ज्यांच्याशी बोलले ते बहुतांश साधे लोक. न्यूयॉर्कमधला दाताचा डॉक्टर, कुठेतरी केमिस्ट, कुठेतरी इंजिनिअर. म्हातारपणी एकमेकांना भेटत राहिलेले. म्युनिकमधली वर्षं ही त्यांच्यातल्या अनेकांना आयुष्यातली चांगली वर्षं वाटत होती, आणि तसं वाटतं याची थोडी लाजही. ज्या देशाने घरचे मारले तिथे आपण तरुण होतो आणि मजेत होतो, हे सांगायचं कसं?

शेवटी आपल्या मातीतलं थोडं, कारण धागा खरोखर आहे. कोल्हापूरजवळ वळिवडे इथे 1943 पासून साधारण पाच हजार पोलिश निर्वासितांची छावणी होती, मुख्यतः बायका आणि मुलं. सोव्हिएतांनी 1940-41 मध्ये त्यांना सायबेरिया आणि कझाकस्तानात हाकललं होतं, तिथून इराणमार्गे ते इथे पोचले. छावणीत पोलिश शाळा होत्या, अगदी हायस्कूलपर्यंत. चर्च, दवाखाना, स्काऊटचं पथक. आणि शेवटच्या काळात या छावणीची जबाबदारी त्याच उन्राकडे आणि नंतर तिच्या जागी आलेल्या आयआरओकडे. म्हणजे म्युनिकमधला विद्यार्थी आणि पंचगंगेच्या काठची पोलिश मुलगी, दोघांच्या फायली एकाच संस्थेच्या कपाटात. 1948 पर्यंत ते गेले, बरेचसे ब्रिटनला. रिकाम्या झालेल्या त्या बराकींत मग फाळणीतून आलेली सिंधी कुटुंबं राहायला आली. तेच आजचं गांधीनगर, जिथे तुम्ही लग्नाचा बस्ता बांधायला जाता.

कोल्हापूरकडच्या कुणाच्या आजीने, पणजोबांनी वळिवड्याच्या 'पोलंडच्या लोकांबद्दल' काही सांगितलं असेल, किंवा गांधीनगरमधल्या कुणाच्या घरी त्या बराकींत काढलेल्या पहिल्या दिवसांच्या आठवणी असतील, तर फोनवर रेकॉर्ड करून आम्हाला पाठवा. फार एडिट करू नका. मध्येच कुकरची शिट्टी आली तरी चालेल. सांगणाऱ्याचं वय आणि गाव तेवढं आठवणीने लिहा. पुढच्या भागात भेटू.